फसव्या ईमेलची व्याख्या : कायद्याने केलेला एक लांबचा प्रवास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं सायबर कायद्यात काय काम? प्रश्न रास्त आहे. संगणकाच्या पोटात काय चालतं ते सांगायला माझ्यापेक्षा जाणकार माणसं पुष्कळ आहेत. पण कायदा लिहिणारा माणूस सगळ्यात आधी जे काम करतो ते व्याख्या करण्याचं, आणि व्याख्या हा आमचा जुना धंदा आहे. 'फसवा ईमेल' हे दोन शब्द. त्यातला 'फसवा' म्हणजे नेमकं काय, आणि 'ईमेल' म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना इंग्लंड, अमेरिका आणि भारत या तीन देशांत काय काय घडलं, त्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. हा शब्दांचा खेळ आहे असं समजू नका. व्याख्या एका शब्दाने चुकली की कुणी निर्दोष माणूस तुरुंगात जातो, कुणी ठग सुटतो, आणि कुणा पेन्शनराचे पैसे कायमचे जातात. या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष घडलेल्या आहेत.

सुरुवात आपल्या न्यायशास्त्रापासून करू. तर्कशास्त्राची पहिली पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष शिकवतात. उदाहरण गाईचं. 'कपिल रंगाची ती गाय' असं म्हटलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ति. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैस आणि बकरीही आत येतात, ही अतिव्याप्ति. आणि 'एकच अखंड खूर असलेली ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी, ज्याला सास्ना म्हणतात, ती असलेला प्राणी म्हणजे गाय, हे निर्दोष लक्षण. हे तीन शब्द लक्षात ठेवा : अव्याप्ति, अतिव्याप्ति, असंभव. आजचं सगळं व्याख्यान या तीन खुंट्यांवर टांगलेलं आहे.

आता इतिहासाकडे वळू. दुसऱ्याच्या नावाने निरोप पाठवून पैसे उकळणं ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. १५४१ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. दुसऱ्या माणसाच्या नावाने बनावट पत्र लिहून, किंवा त्याची खोटी खूण दाखवून, जो कुणी पैसा किंवा माल मिळवील त्याला शिक्षा. जरा विचार करा, हा कायदा आजच्या फसव्या ईमेलच्या किती जवळ आहे! पत्र आहे, दुसऱ्याचं नाव आहे, आणि हेतू पैसे मिळवण्याचा आहे.

पण या कायद्याला एक मर्यादा होती. खोटं पत्र किंवा खोटी खूण ही हातात धरता येईल अशी वस्तू हवी. नुसती थाप मारली तर? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला असा एक खटला सरन्यायाधीश होल्ट यांच्यासमोर आला. एक माणूस दुसऱ्याकडे गेला आणि म्हणाला, 'अमक्याने मला त्याचे वीस पौंड आणायला पाठवलंय.' समोरच्याने पैसे दिले. अमक्याने कुणालाच पाठवलेलं नव्हतं. होल्ट म्हणाले, की एकाने दुसऱ्याला मूर्ख बनवलं म्हणून आम्ही फौजदारी खटला चालवायचा नसतो. ज्याचे पैसे गेले त्याने दिवाणी दावा लावावा. म्हणजे काय, तर साधी सावधगिरी बाळगली असती तर जी फसवणूक टळली असती, ती टाळणं ही ज्याची त्याची जबाबदारी. हा विचार नीट ध्यानात ठेवा. तीनशे वर्षांनी तो बँकेच्या नियमांत पुन्हा भेटणार आहे.

पुढे १७५७ मध्ये पार्लमेंटने ही भिंत पाडली. खोटी बतावणी करून पैसा किंवा माल मिळवणं हाच गुन्हा ठरला. खोटी वस्तू हातात असण्याची अट गेली. आणि हाच धागा धरून आपल्याकडचा कायदा आला. मेकॉले यांच्या आयोगाचा मसुदा १८३७ चा, भारतीय दंड विधान १८६० चं, आणि अंमल १ जानेवारी १८६२ पासून. त्यातलं कलम ४१५ म्हणजे ठकवणूक, आणि कलम ४१६ म्हणजे तोतयेगिरी करून ठकवणूक. 'तोतयेगिरी' हा शब्द ज्या अनुवादकाने निवडला त्याला माझा नमस्कार. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले १७६१ साली, आणि त्यांचं नाव सांगणाऱ्या तोतयाला पुण्यात देहदंड झाला तो १७७६ साली. पंधरा वर्षं एका नावाने राज्यकारभाराला घोर लावला होता.

कलम ४१६ ची रचना बघण्यासारखी आहे. आपण दुसराच कुणी आहोत असं भासवून ठकवलं की तोतयेगिरी झाली. आणि लगेच स्पष्टीकरण जोडलंय, की ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच. खाली दिलेलं उदाहरण तर गमतीचं आहे : एक माणूस आपल्याच नावाच्या एका श्रीमंत सावकार-बँकरचं सोंग घेतो. १८६० सालचं हे उदाहरण आहे, आणि त्यात बँकर आहे! या कलमांत माध्यमाचा उल्लेख कुठेच नाही. तोंडाने सांगा, पत्राने कळवा, तारेने कळवा, कायद्याला फरक पडत नाही. माझ्या मते या कलमांचं सगळं बळ याच मौनात आहे. ज्या गोष्टीचं नावच घेतलेलं नाही ती जुनी कशी होणार?

मग ईमेलने बिघडवलं काय? तीन गोष्टी बिघडल्या, आणि त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, पाठवणाऱ्याचं नाव. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे जाळ्यावरून निरोप पाठवला आणि पत्त्यात ते '@' चिन्ह वापरलं. १९८२ मध्ये ईमेल कसा पोहोचवायचा याचे नियम ठरले, जे थोड्याफार सुधारणांसह आजही चालतात. या मूळ नियमांत पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोय नव्हती. टपालाच्या पाकिटामागे 'प्रेषक' म्हणून तुम्ही काहीही लिहिलंत तरी पोस्टमन विचारायला येत नाही, अगदी तसंच. मोजक्या विद्यापीठांतले, एकमेकांना ओळखणारे लोक ही व्यवस्था वापरत होते, तेव्हा ते चालून गेलं.

आपल्या कायद्याने ही अडचण फार प्रामाणिकपणे मान्य केलेली आहे. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पुराव्याच्या कायद्यात कलम ८८-अ आलं. त्याचा आशय असा : ईमेल जसा पाठवला तसाच पोहोचला असं न्यायालय गृहीत धरू शकेल, पण तो कुणी पाठवला याबद्दल न्यायालयाने काहीही गृहीत धरू नये. बघा, मजकुरावर विश्वास ठेवायला परवानगी आहे, नावावर नाही. ईमेलबद्दल इतकं शहाणपणाचं वाक्य मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात वाचलेलं नाही. गंमत अशी, की न्यायाधीशाला जे गृहीत धरायला मनाई आहे, तेच गृहीत धरलं म्हणून सामान्य खातेदाराला आपण निष्काळजी म्हणतो.

दुसरी गोष्ट, फसणारं मन. फसवणं म्हणजे जे खोटं आहे ते कुणाला तरी खरं वाटायला लावणं. इंग्लंडच्या न्यायालयांनी १९०३ पासून ही व्याख्या धरून ठेवली. यात एक मन लागतं, ज्याला काहीतरी 'वाटतं'. १९७० च्या दशकात तिथे पार्किंगचा एक खटला झाला. आपोआप उघडणाऱ्या दांडीचं पार्किंग; एक मनुष्य पैसे न देता गाडी घेऊन बाहेर पडला. न्यायालय म्हणालं, तिथे माणूसच नव्हता, मग फसलं कोण? आरोपी सुटला. आता ठगाने तुमचा पासवर्ड चोरला आणि बँकेच्या संगणकात टाकला, तर संगणकाला 'वाटलं' का, की हे खातेदारच आहेत? यंत्राला काही वाटत नाही. म्हणजे यंत्रापुरती ही व्याख्या आपल्या तिसऱ्या दोषात, असंभवात, जाऊन पडली. गाईला एक खूर शोधण्यातला प्रकार.

याच्याच जोडीला आणखी दोन इंग्रजी खटले सांगतो. दोन तरुणांनी १९८०च्या दशकात प्रेस्टेल नावाच्या संगणक-सेवेत दुसऱ्याचा पासवर्ड वापरून प्रवेश केला आणि थेट राणीच्या यजमानांच्या, म्हणजे प्रिन्स फिलिप यांच्या, टपालपेटीपर्यंत पोहोचले. त्यांच्यावर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा लावला. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो टिकू दिला नाही. क्षणभर यंत्रात येऊन पुसला जाणारा विद्युत-संकेत म्हणजे दस्तऐवज नव्हे, असं ते म्हणाले. त्यातून १९९० चा संगणक-गैरवापर कायदा जन्मला. दुसरा खटला १९९६ चा. काहींनी खोटी माहिती देऊन गृहकर्जं घेतली. खोटं सिद्ध झालं, पैसे मिळाले हेही सिद्ध झालं. तरी शिक्षा रद्द झाली. कारण कायद्यात शब्द होते 'दुसऱ्याच्या मालकीची मालमत्ता मिळवणे'. बँकेतून बँकेत रक्कम जाते तेव्हा एका खात्यातला हक्क संपतो आणि दुसऱ्या खात्यात नवा हक्क जन्मतो. हा नवा हक्क कधी दुसऱ्याच्या मालकीचा नव्हताच, मग त्याच्याकडून मिळवला असं कसं म्हणायचं? तर्क बिनतोड आहे, आणि निष्कर्ष ऐकून डोकं धरावंसं वाटतं. त्याच वर्षी पार्लमेंटला घाईने दुरुस्ती करावी लागली.

अशी ठिगळं लावून कंटाळल्यावर इंग्लंडने २००६ मध्ये फसवणुकीचा नवा कायदा केला. अंमल जानेवारी २००७ पासून. त्यात त्यांनी एक मूलभूत बदल केला. कुणी फसलं का, कुणाचं नुकसान झालं का, हे विचारणंच सोडून दिलं. अप्रामाणिकपणे खोटी बतावणी केली, स्वतःचा लाभ किंवा दुसऱ्याची हानी करण्याचा हेतू होता, बस्स, गुन्हा पूर्ण झाला. शिवाय ही बतावणी एखाद्या यंत्रणेला केली तरी ती बतावणीच, मग पलीकडे माणूस असो वा नसो. या कायद्यासोबतच्या सरकारी टिपणात बँकेच्या नावाने घाऊक ईमेल पाठवण्याचं उदाहरणही दिलेलं आहे. कलमात मात्र 'ईमेल' हा शब्द घातला नाही. मेकॉलेचं मौन त्यांनी राखलं.

हा बदल महत्त्वाचा का, तर ईमेलने बिघडवलेली तिसरी गोष्ट म्हणजे संख्या. समजा एका ठगाने एक लाख लोकांना ईमेल धाडला आणि बहुतेकांनी तो न वाचता पुसून टाकला. जुन्या व्याख्येप्रमाणे ठकवणूक फक्त त्यांचीच, जे फसले आणि ज्यांनी काही दिलं. उरलेल्यांच्या बाबतीत फार तर प्रयत्न. आणि ज्या बँकेचं नाव वापरलं तिची तर ठकवणूक झालेलीच नाही. तिच्या नावाचा अपहार झाला. इंग्लंडच्या नव्या कायद्यात पाठवण्याच्या क्षणीच गुन्हा पुरा होतो, त्यामुळे ही मोजदाद करावी लागत नाही.

आता अमेरिकेत जाऊ. तिथे टपालातून फसवणूक करण्याविरुद्धचा संघराज्याचा कायदा १८७२ चा आणि तारेवरून फसवणुकीचा १९५२ चा. दोन्ही जुने आणि दोन्ही धारदार. पण ईमेलचा पूर आला तेव्हा नवा कायदा हवा झाला, आणि डिसेंबर २००३ मध्ये 'कॅन-स्पॅम' कायद्यावर सही झाली. त्याचा रोख होता जाहिरातींवर. म्हणून त्याची मुख्य व्याख्या आहे 'व्यापारी ईमेल'ची : ज्याचा प्रधान हेतू जाहिरात करणं आहे, तो. आता ठगाचा ईमेल काही विकत नसतो. तो म्हणतो, 'आपलं खातं गोठवलं आहे, कृपया माहिती अद्ययावत करा.' म्हणजे व्यापारी पत्राचं नव्हे, खातेदाराला येणाऱ्या कामाच्या पत्राचं सोंग तो घेतो. नशिबाने प्रेषकाची माहिती खोटी नसावी ही अट कामाच्या पत्रांनाही लागू केलेली होती, आणि एओएल कंपनीच्या बिलिंग विभागाचं नाव लावून ईमेल पाठवणाऱ्या एका माणसाला कॅलिफोर्नियात २००७ मध्ये ज्यूरीने या कायद्याखाली दोषी ठरवलं. पण व्याख्येचा तोंडवळा जाहिरातीचा आणि शिकार ठगाची, अशी ती ओढाताण होती.

मधल्या काळात, २००५ मध्ये, कॅलिफोर्निया राज्याने फक्त 'फिशिंग'विरुद्ध असा वेगळा कायदा केला. फिशिंग म्हणजे गळ टाकून मासे धरावेत तसे लोकांचे तपशील काढून घेणं. या कायद्याची व्याख्या सुबक आहे. वेबपेज, ईमेल किंवा इंटरनेटच्या इतर कुठल्याही मार्गाने, एखाद्या व्यवसायाच्या परवानगीशिवाय आपण तो व्यवसाय आहोत असं भासवून, दुसऱ्याकडून ओळख पटवणारी माहिती मागणं बेकायदा. कोणती माहिती, तर सामाजिक सुरक्षा क्रमांक, खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, पासवर्ड, इत्यादी यादी दिलेली. कुणी फसलं पाहिजे अशी अट नाही; नुसतं मागणं पुरे. ज्याचं नाव वापरलं त्या कंपनीलाही दावा लावता येतो आणि भरपाई पाच लाख डॉलरपर्यंत जाते, प्रत्यक्ष नुकसान त्याहून जास्त असेल तर तेवढी. फसलेल्या व्यक्तीला तिप्पट नुकसान किंवा प्रत्येक उल्लंघनामागे पाच हजार डॉलर, यांपैकी जे अधिक असेल ते.

सुबक खरी, पण त्यातला 'व्यवसाय' हा शब्द बघा. आयकर खात्याचं सोंग घेतलं तर? पोलिसाचं? परदेशात अडकलेल्या भाच्याचं? सरकार हा व्यवसाय नव्हे, भाचाही नव्हे. 'व्यवसाय' म्हटल्याबरोबर ही सगळी सोंगं या कायद्याबाहेर राहिली. ती इतर कायद्यांत सापडतील, पण या व्याख्येत नाहीत. ही अव्याप्ति, कपिल रंगाची गाय. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर २००५ साली बँका आणि इंटरनेट कंपन्या होत्या, आणि ज्यांचं नाव वापरलं जात होतं त्यांनीच तक्रार केली होती. व्याख्येत बहुधा तक्रारदाराचा चेहरा उमटतो, असं मला वाटतं.

भारतात काय झालं? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. तो मुख्यतः इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देण्यासाठी होता. फसव्या ईमेलचं त्यात नाव नव्हतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना नॅसकॉम हिने दावा लावला. नोकरभरतीचा व्यवसाय करणारे काही लोक नॅसकॉमच्या नावाने ईमेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करत होते. न्यायालयाने मान्य केलं की फिशिंगसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण ईमेल कुठून आला याबद्दल व्यवहारात गोंधळ उडवणारी खोटी बतावणी, जिच्यामुळे ग्राहकाचं नुकसान होतं आणि ज्याचं नाव वापरलं त्याचंही होतं, असं तिचं वर्णन करून ते बेकायदा ठरवलं. हा आधार व्यापारचिन्हाच्या कायद्यातला, 'दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवणे' या तत्त्वाचा. शेवटी तडजोड झाली आणि प्रतिवादींनी १६ लाख रुपये भरपाई मान्य केली. या वर्णनात बघा, दोघांचंही नुकसान मोजलंय : फसलेल्याचं आणि ज्याचं नाव चोरलं त्याचं. हे दंड विधानातल्या ठकवणुकीला जमलं नव्हतं.

मग आली २००८ ची दुरुस्ती. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने ती मंजूर केली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. त्यात कलम ६६-क दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याबद्दल, ६६-ड संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून ठकवण्याबद्दल. आणि यांच्या आधी बसलेलं ६६-अ. हे ६६-अ तुम्हाला ठाऊक आहे ते फेसबुकच्या निमित्ताने. पण त्याचा तिसरा खंड फारसा कुणी वाचत नाही. तो खंड ईमेलबद्दल होता. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा ईमेल कुठून आला याबद्दल प्राप्तकर्त्याला फसवण्यासाठी वा त्याची दिशाभूल करण्यासाठी पाठवलेला ईमेल हा गुन्हा. आणि स्पष्टीकरणात 'इलेक्ट्रॉनिक मेल'ची व्याख्याही दिलेली : संगणकावर किंवा संपर्क-साधनावर तयार केलेला, पाठवलेला वा मिळालेला संदेश, जोडलेली चित्रं, ध्वनी, चलचित्रं यांसकट.

आता हा खंड तपासून बघा. यात दोन वेगळ्या वस्तू एका पिशवीत घातल्या आहेत. 'उगमाबद्दल फसवणे' हे अचूक लक्षण आहे. फसव्या ईमेलची सास्ना म्हणावी असं. कारण फसव्या ईमेलला साध्या खोटेपणापासून वेगळं करणारी गोष्ट हीच, की तो ज्याच्याकडून आला असं म्हणतो त्याच्याकडून आलेला नसतो. पण त्याच्या शेजारी 'त्रास किंवा गैरसोय' हे शब्द 'किंवा' लावून बसवले. त्रास कशाने होत नाही? थकबाकीची आठवण करून दिली तरी त्रास होतो. ही शिंगं असलेली गाय झाली; सगळा गोठा आत आला.

परिणाम ठाऊक आहेतच. एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाला अटक झाली. उगमाबद्दल कुणालाही फसवलेलं नव्हतं. त्याची पूर्ण सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याकडे, पालघरला, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका तरुणीला, आणि ते आवडलं असं कळवलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ६६-अ संपूर्ण रद्द केलं. 'त्रास', 'गैरसोय' हे शब्द इतके मोघम आहेत, की काय बोललं तर गुन्हा होईल हे नागरिकाला आधी कळूच शकत नाही, हे त्याचं मुख्य कारण.

निकाल योग्यच होता, आणि त्याचं स्वागत झालं तेही योग्यच. पण रद्द झालं ते संपूर्ण कलम. तिसऱ्या खंडातलं ते अचूक लक्षण, 'ईमेलच्या उगमाबद्दल फसवणे', तेही सोबत गेलं, आणि स्पष्टीकरणातली ईमेलची व्याख्याही गेली. अतिव्याप्तीची खरी किंमत ही असते. मोघम शब्द निरपराध्याला तर छळतोच, पण शेवटी स्वतःबरोबर शेजारच्या चांगल्या शब्दालाही बुडवतो. चांगला शब्द एकटा, स्वतंत्र कलमात असता तर तो बहुधा वाचला असता.

उरलं काय? उरलं ६६-ड, आणि ते उभं आहे 'ठकवणूक' या दंड विधानातल्या शब्दावर. म्हणजे फिरून आपण १८६० वर आलो : कुणीतरी फसलं पाहिजे, आणि फसून काही दिलं किंवा केलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ६६-ड मध्ये तीच तोतयेगिरी संगणकावरून केली तर तीन वर्षांपर्यंत. म्हणजे दारात येऊन सोंग घेतलं तर पाच आणि संगणकाआडून एक लाख दारांवर एकदम घेतलं तर तीन. दोन कायदे दोन वेगळ्या काळांत लिहिले गेले आणि त्यांची सांगड कुणी घातली नाही, त्याचा हा परिणाम.

इथपर्यंत ठगाचा विचार झाला. पण ठग सापडतो कितीदा? तो दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात असतो. फसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळाच असतो : माझे पैसे परत मिळतील का? आणि हा प्रश्न वेगळ्याच शब्दाच्या व्याख्येवर लटकलेला आहे. तो शब्द म्हणजे 'अनधिकृत'.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्याने भरपाई द्यायची असं आहे, आणि असे दिवाणी दावे ऐकायला प्रत्येक राज्यात न्यायनिर्णय अधिकारी नेमलेला असतो. २०१० मध्ये तमिळनाडूच्या अशा अधिकाऱ्यासमोर एक खातेदार आला. बँकेच्या नावाने आलेल्या ईमेलला त्याने उत्तर दिलं होतं आणि सहा लाखांहून अधिक रक्कम गेली होती. बँक म्हणाली, पासवर्ड त्यानेच दिला. अधिकाऱ्याने बँकेलाच जबाबदार धरून १२ लाख ८५ हजार रुपये द्यायला सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर पुण्याच्या एका उद्योजकाचं प्रकरण आलं. फसव्या ईमेलमुळे त्याच्या कंपनीच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले होते. सचिवांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. उरलेल्याचा भार उद्योजकावर, कारण ईमेलला उत्तर त्याने दिलं होतं. म्हणजे दोष वाटून घेतला.

मग ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी नियम काढले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. इथवर उत्तम. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्डसारखे तपशील दिले असतील, तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. बघा, होल्टसाहेब परत आले! मूर्ख बनलास, तुझं तू बघ.

आता माझं म्हणणं मांडतो. दंड विधानात कलम ९० होतं आणि न्याय संहितेतही तो विचार टिकून आहे : वस्तुस्थितीबद्दल गैरसमज होऊन दिलेली संमती ही संमतीच नव्हे, जर समोरच्याला तो गैरसमज ठाऊक असेल तर. म्हणजे ठगाविरुद्ध खटला चालतो तेव्हा कायदा म्हणतो, 'या आजोबांनी पासवर्ड दिला ते देणं खरं देणं नव्हे.' आणि पैसे मागायला तेच आजोबा बँकेत जातात तेव्हा नियम म्हणतो, 'तुम्ही दिलात ना? मग ते देणंच.' एकच माणूस, एकच क्षण, एकच कृती. एका खिडकीवर ती संमती नाही, दुसऱ्या खिडकीवर ती जबाबदारी ठरवण्याइतकी संमती आहे. बँकेच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. ग्राहकावर काहीच जबाबदारी नसेल तर तो सावध का राहील, आणि काही लोक संगनमतानेही खोट्या तक्रारी करतील. ही भीती मी नाकारत नाही. पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. 'दिलं' एवढ्यावरून तो आपोआप सिद्ध होत नाही. हुबेहूब बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर एखाद्याने माहिती भरली, यात किती निष्काळजी आणि किती ठगाचं कसब, हे प्रकरण बघूनच ठरवता येतं.

इंग्लंडने इथे निराळी वाट धरली. ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, असे व्यवहार तिथे 'अधिकृत' मानतात. आणि तरीही ७ ऑक्टोबर २०२४ पासून असे पैसे ८५ हजार पौंडांच्या मर्यादेत परत करणं बँकांना सक्तीचं झालं. भार पाठवणारी बँक आणि स्वीकारणारी बँक यांनी निम्मा निम्मा उचलायचा. अपवाद घोर निष्काळजीपणाचा, आणि वय, आजार अशा कारणांनी जे दुबळे आहेत त्यांना तोही लागू नाही. ज्या बँकेने ठगाचं खातं उघडून दिलं, तिलाही यात खिशात हात घालावा लागला. तिथली व्याख्या बदललीच नाही. 'अधिकृत' तो अधिकृतच राहिला. बदललं ते एवढंच, की त्या शब्दावर कुणाचं नुकसान टांगायचं.

तर या सगळ्या इतिहासातून मला तीन कसोट्या दिसतात. गुन्ह्याचं लक्षण लिहिताना माध्यमाचं नाव शक्यतो टाळावं, कृतीचं घ्यावं. मेकॉलेची कलमं दीडशे वर्षं चालली ती त्यामुळे. 'उगमाबद्दल फसवणे' हे अचूक लक्षण स्वतंत्र कलमात परत आणावं, 'त्रास' आणि 'गैरसोय' यांच्या संगतीशिवाय, आणि कुणी फसण्याची वाट न पाहता पाठवण्याच्या क्षणीच गुन्हा पुरा मानावा. आणि तिसरी, फसलेल्याची संमती फौजदारी कोर्टात जशी मोजतो तशीच बँकेच्या काउंटरवरही मोजावी.

पहिल्या दोन कसोट्या संसदेच्या हातात आहेत. तिसरी रिझर्व्ह बँकेच्या हातात आहे, आणि तोवर आपल्या हातात एकच गोष्ट आहे : फसलात तर लाजू नका, त्याच तासाला बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, हे त्याच २०१७ च्या नियमांत लिहिलेलं आहे. आता प्रश्न घेऊ.